कागदावरून कागद

हिंगोली
ता. ११ जानेवारी १९३९

तीर्थरूप सौ. नर्मदाक्काला संतरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे मी खुशाल. तुझं पत्र पोचलं. ठकीचा खोकला वाचून वाईट वाटलं. तिला अडुळशाचा रस दे, आणि ती थुंकली तरी दे. दाजींना नमस्कार सांग. त्यांनी माझ्याविषयी जे काही म्हटलं असेल ते तू पत्रात लिहिलं नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार.

तू विचारलंस, कॉलेज सोडलं ते सोडलं, पण घरी काहून राहत न्हाईस. गेलो होतो ना. बाबा ओसरीवर बसून तूर पाखडून घेत होते. वर न बघता म्हणाले, "सुट्टी किती दिवसांची?" मी सांगितलं, सुट्टी नाही, सोडून आलो. "मग ट्रंक खाली ठेवू नको." एवढंच बोलले. मी ठेवली नाही. आई हाका मारत वेशीपर्यंत आली, पण माझं डोकं एकदा तापलं की कान बंद होतात हे तुला ठाऊक आहे. ते ठिकाणावर आलं तेव्हा मी हिंगोलीच्या गाडीत बसलेला होतो.

कॉलेज काहून सोडलं हेही विचारलंस. औरंगाबादेत त्या दिवसांत होस्टेलात प्रार्थनेचं गाणं म्हणायला सरकारने बंदी घातली म्हणून बरीच पोरं वर्गाबाहेर पडली. लोक म्हणतात, संतराम चळवळीत बाहेर पडला. म्हणू देत.

इथे मी मकबूलच्या घरी आहे. मकबूल म्हणजे होस्टेलात माझ्या खोलीत राहायचा तो. तो अजून तिकडेच शिकतोय. त्याची आई फातिमाबी एकटीच असते, जुन्या छावणीच्या बाजूला. समोरची पडवी तिने मला दिली. जेवायला मी स्टेशनाजवळच्या खानावळीत जातो. चहा मात्र तिच्याच हातचा घेतो. हे आईला कळवायची गरज नाही.

फातिमाबी गोधड्या शिवते. पण आपल्याकडे जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा मारतात तशी नव्हे. हिची कागदावर शिवायची गोधडी. तिची आई छावणीत एका मडमेच्या लेकरांना सांभाळायची, त्या मडमेने तिला ही शिकवली. छावणी गेली, गोऱ्या पलटणी गेल्या, बंगल्यांत बाभळी उगवल्या, आणि ही विद्या तेवढी एका घरात राहिली.

काम असं. सहा कोनांचा कागद कापायचा. कापडाचा तुकडा त्याहून बोटभर मोठा घ्यायचा, कागदावर ठेवून साही बाजूंनी आत दुमडायचा आणि कच्च्या टाक्यांनी कागदासकट पकडायचा. असे तुकडे काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडायचे. मध्ये एक, भोवती सहा, की झालं एक फूल. अशी फुलं जोडत जायची. कागद मागून काढायचा तो सगळ्यात शेवटी, तुकड्याला सहाही शेजारी मिळाल्यावर. आधी काढला तर कापड ताणतं आणि कोन मोडतात. मी पहिल्या दिवशी आधीच काढला. फातिमाबी म्हणाली, "कायकू जल्दी करता रे? कपडा भागके जाता क्या?"

शिवायचं काम मला जमत नाही, माझ्याकडे कागद कापायचं आलं. माझ्याच गणिताच्या वह्यांचा कागद जाड म्हणून तो घेतला. "तेरे कॉलेज का कुछ तो फायदा हुआ," असं ती म्हणाली आणि तंबाखू चोळत खूप हसली. मापाला तिच्या आईच्या वेळचा पत्र्याचा एक तुकडा आहे. त्याच्या कडेने बोट कापतं आणि तो कागदावरून सारखा घसरतो. म्हणून मी युक्ती काढली. एक कागद नीट कापला की तोच वर ठेवून, कडेने पेन्सिल फिरवून पुढचा कापायचा, त्यावरून त्याच्या पुढचा. पत्रा कोनाड्यात टाकला. आता हात इतका चालतो की फातिमाबी म्हणते, तुझी कात्री आहे का टांग्याचा घोडा.

गोधडी शिकायला दुपारी दोघी येतात. कापडदुकानवाल्यांची आशा आणि तिच्यासोबत तिची आत्या अनुसयाबाई. ठकीच्या बारशाला तुझ्याकडे आल्या होत्या त्याच. रुखवतात मांडायला गोधडी हवी म्हणे. लग्न कुणाशी ते तुला माहीतच आहे, तुमच्या डोंगरकड्याचं, तुमच्या गल्लीतलंच आहे.

बाकी थंडी बरी आहे. तूर इकडे चांगली आली. संक्रांतीचा तिळगूळ इथूनच मनाने देतो.

तुझा
संतराम

●

हिंगोली
ता. २ फेब्रुवारी १९३९

आक्का, नमस्कार.

या पत्रात खुशाली नाही. हे दाजींसमोर वाचू नको. वाचत असशील तर इथेच घडी घाल.

चळवळीविषयी मी तुला खोटं लिहिलं नाही, पण लोक बोलतात ते खोडलंही नाही. पोरं वर्गाबाहेर पडली त्याआधीच माझी ट्रंक बांधलेली होती. कार्तिकातलं तुझं पत्र आलं होतं. त्यात वर कापसाच्या भावाचं होतं, खाली म्हशीचं होतं, आणि मधल्या ओळीत लिहिलं होतं की सोनाजीचं हिंगोलीच्या आशाशी जवळजवळ ठरलं. तू सहज लिहिलंस. मी ते वाचून परीक्षेची फी परत मागायला गेलो, ती मिळाली नाही म्हणून कारकुनाशी भांडलो, आणि सुटलो.

आता कळलं तुला. रागव, पण पुढचं वाच.

बारशाच्या दिवशी तू ठकीला माझ्या हातात दिलंस आणि मी तिला गव्हाच्या पेंढीसारखी धरली. तेव्हा आशा हसली होती. तू स्वयंपाकात होतीस, तुला दिसलं नाही. मग तिनेच पुढे येऊन लेकराची मान माझ्या कोपरावर ठेवून दिली आणि म्हणाली, "असं. न्हाईतर निसटंल." त्यानंतर औरंगाबादेत मी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. हिंगोलीत मकबूलची आई आहे म्हणून मी इथे आलो असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. हिंगोलीत आशा आहे, म्हणून मला मकबूलची आई आठवली.

ती शिकायला इथेच येईल हे मात्र मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो.

आता मुद्द्याचं. आक्का, तिला हे लग्न नको आहे.

तिने तसं सांगितलेलं नाही, सांगणार कशी? अनुसयाबाई मांडी घालून शेजारी बसलेली असते. मी पडवीत कागद कापतो, त्या आतल्या दाराशी उजेडाला बसतात. बोलणं नाही, पण मला दिसतं. बाकी पोरी रुखवताचं काम कसं हरखून करतात ते तू पाहिलं आहेस. हिचं तसं नाही. एक फूल शिवते, पाटावर ठेवते, बघत बसते आणि उसवते. पुन्हा शिवते, पुन्हा उसवते. येऊन महिना झाला, पण दोन हात लांबीचंसुद्धा काम झालं नाही. फातिमाबी तिला बोलते, "बेटी, तेरा हात कच्चा है, खींच नक्को." ती मान खाली घालून ऐकून घेते. परवा उसवताना तिचे डोळे भरले. सुई टोचली म्हणाली. बोटाला रक्त दिसलं नाही, मी पाहिलं. अनुसयाबाई म्हणाली, "आगं, अशानं तुझ्या लेकरांच्या बारशाला तरी व्हईल का ही गोधडी?" तरी ती हसली नाही.

जिला सासरी जायचं आहे ती रुखवताची शिवण रोज उसवील का? तू बाई आहेस, तुला हे माझ्याहून आधी कळायला हवं.

सोनाजी वाईट आहे असं मी म्हणत नाही. बैलांत रमणारा सरळ माणूस आहे. पण सरळ माणसाच्या घरातसुद्धा मन मारून राहता येत नाही.

तू एवढंच कर. सोनाजीच्या आईच्या कानावर घाल, की पोरगी मनातून राजी नाही असं हिंगोलीहून कळलं. माझं नाव घेऊ नको. तुझा शब्द त्या घरात चालतो, तू सांगितलंस तर ते दुसऱ्याला विचारायला जाणार नाहीत. ते आपणहून मागे सरले की तिच्यावर काही येणार नाही. पुढचं मी बघतो. मास्तरकी मिळवतो, बाबांच्या पाया पडतो, काय म्हणशील ते करतो. वैशाखातली तिथी धरलेली आहे, म्हणून घाई. फार विचार करत बसू नको. विचार मी केलेला आहे.

तुझा
संतराम

●

हिंगोली
ता. २१ फेब्रुवारी १९३९

सौ. आक्काला संतरामचा नमस्कार.

हे पत्र टपालाने नाही, आज पुन्हा बाजाराला आलेल्या सोनाजीच्या चुलत्यांच्या हाती, पाकीट चिकटवून पाठवतोय. ते तुझ्यापर्यंत आणून देईपर्यंत तुला बरंच कळलेलं असेल, पण मीच सांगायला हवं.

तुझं कार्ड गेल्याच्या आधल्या शनिवारी मिळालं. "सांगितलं. सोनाजीची आई त्या दिवशी जेवली न्हाई." एवढंच होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी खानावळीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारी दुपारी दोघी आल्या. फातिमाबी आणि अनुसयाबाई मागल्या अंगणात मिरच्या बघायला गेल्या, म्हणजे पान खायला गेल्या. आशा दाराशी होती. एक फूल तिने पुन्हा उसवलं होतं आणि त्याचे कागद काढून मांडीवर घेतले होते. ते ती एकावर एक रचत होती, आपण पत्त्यांची चळत ठोकून नीट करतो तशी. चळत नीट होईना. एका बाजूने सारखी केली की दुसऱ्या बाजूला कागद बाहेर येत. मग तिने उठून कोनाड्यातला पत्रा घेतला आणि एकेक कागद त्याच्यावर ठेवून बघितला.

माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली ती त्यानंतर.

"हे कागद तुमी कापले?"

मी हो म्हटलं. खरं सांगू, तिने मला काही विचारलं याचाच मला आनंद झाला होता.

"पत्र्यावरून?"

"कागदावरून कागद. लवकर होतं."

"पेन्सिलीची रेघ कडंच्या भाईर येती. एकाची रेघभर दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात. हा बघा पयला आन् हा शेवटला." तिने दोन्ही माझ्यासमोर धरले. शेवटचा पहिल्यापेक्षा चांगलाच मोठा होता. "मी म्हनलं फूल पाटावर बसत काहून न्हाई. मदी फुगतंय, ओढलं की चुन्या पडतात. म्हैनाभर उसवून राहिले मी. रोज बोलनी खाल्ली. घरी जाऊन रडले, की माझ्या हातातच काई कमी हाय."

आक्का, अशा वेळी शहाण्या माणसाने चुकलो म्हणावं. मी काय म्हटलं ते ऐक. मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही त्यासाठी उसवत होता? मला वाटलं, तुम्हाला हे लग्न नको आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आपल्या ओसरीवर कुणी अनोळखी माणूस येऊन भलत्याच घराचा पत्ता विचारतो, तेव्हा आपण बघतो तशी.

"कोन म्हनलं तुमाला?"

मी कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"बारशाच्या दिवशी," ती म्हणाली, "पाव्हन्यांचे बैल उन्हात उभे होते. तुमी समदे आत बसून गप्पा हानत होता. ते एकटे एकेक बैल सोडून पान्यावर नेऊन राहिले होते. मी पानी आनायला गेले तं त्यांनी आधी माझी घागर भरून दिली. नाव बी न्हाई इचारलं. मग त्यांच्याकडून मागनं आलं." पत्रा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मला डोंगरकड्याला जायाचंय. गोधडी तिथीच्या आत व्हायला पाहिजे. तुमच्या पाया पडते, पत्र्यावरून कापा."

तेवढ्यात अनुसयाबाई आली आणि म्हणाली, "काय चाललंय?" आशा म्हणाली, "कागद मोजून राहिले."

मी जो उठलो तो चप्पल न घालता बाहेर पडलो. तुला लिहायचं तर पत्र पोचायला दोन दिवस, म्हणून स्वतःच डोंगरकड्याला निघायचं ठरवलं. सोमवारी कुणाची गाडी तिकडे जाईना. मंगळवारी बाजारात तिकडची गाडी शोधत होतो तर ती सापडली. कापडदुकानासमोरच सोडलेली होती. सोनाजीचे चुलते आत बसले होते.

मी दाराशी उभा राहिलो. चुलते आवाज न चढवता बोलत होते. "पोरीच्या मनात नसंल तर आमी जबरदस्तीनं नेनार न्हाई. तुमचा मान तुमच्यापाशी. पर आमच्या घरात रडत आलेली सून नको, तिची बी तकलीफ, आमची बी."

आशाचे वडील कापड मोजायचा लोखंडी गज हातात धरून बसले होते. त्यांना काही समजतच नव्हतं. "कोन बोललं पर असं?"

"नर्मदा बोलली. आमच्या गल्लीची सून. खोटं बोलनारी बाई न्हाई ती."

आक्का, तोवर मी फक्त आशाचा विचार करत होतो. तुझं नाव त्या दुकानात ऐकलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी तुलाही वापरलं होतं. तू दहा वर्षं त्या घरात राहून जे कमावलंस ते मी एका पत्रात खर्चायला निघालो होतो.

मी आत गेलो आणि म्हणालो, "ती खोटं बोलली नाही. मी तिला खोटं लिहिलं. मी तिचा भाऊ."

चुलत्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "काहून लिहिलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर होतं आणि ते दिलं असतं तर आशाचं नाव माझ्या नावाला चिकटून बाजारभर फिरलं असतं. म्हणून म्हणालो, "पोरगी शिवण उसवते ते दुरून पाहिलं आणि मनानेच अर्थ लावला. डोकं फिरलं होतं. तिने मला काही सांगितलेलं नाही, मी तिला काही विचारलेलं नाही."

"कालिज सोडून आलेलं तेच का हे?" असं चुलत्यांनी विचारलं. आशाच्या वडिलांनी गज खाली ठेवला आणि उठून माझ्या तोंडात मारली. फार जोरात नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी त्यांना काही बोललो नाही. तुझा विश्वास बसणार नाही, पण बोललो नाही.

दुकानामागेच त्यांचं घर, आतल्या पडद्यामागून अनुसयाबाईचा आवाज आला. "मी तवाच म्हनलं, एवढं शिकलेलं पोरगं बायकांत बसून कागदं काहून कापतंय."

चुलते पडद्याकडे वळले. "लेकरा, तूच सांग. भिऊ नको. तू म्हनशील तसं."

बराच वेळ काही आलं नाही. मग आशा म्हणाली, "गोधडी अजून बरीच व्हायची हाय. तिथीपतूर न्हाई झाली तं बाकीची तिकडं येऊन शिवते, असं सासूबाईला सांगा."

"सासूबाई म्हनली, ऐकलं का?" चुलते आशाच्या वडिलांना म्हणाले आणि पहिल्यांदा पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आता च्या सांगा. मघापासून घसा कोरडा पडलाय."

मला कुणी चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

त्यानंतर सगळे कागद मी पत्र्यावरून पुन्हा कापले. फातिमाबीला सांगितलं, तुम्ही त्या पोरीला रोज बोललात ते माझ्यामुळे. ती काही वेळ सुपारी कातरत राहिली. म्हणाली, "मेरी आँख गई, तेरी तो थी." मग दुसऱ्या दिवशी आशा आल्यावर तिने तिला स्वतःच्या हाताने नवीन रीळ आणि सुई दिली, आणि फुलं पाटावर सपाट बसू लागली असं मला ऐकायला मिळालं. ऐकायला, कारण दोघी येतात त्या वेळी मी आता घरी नसतो. कापलेले कागद दाराशी ठेवून स्टेशनाकडे जातो. तिथे मालधक्क्यावर पावत्या लिहायचं काम मिळालं आहे, पुढल्या महिन्यापासून पूर्णेला जायचं आहे. मकबूल लिहितो, पुढच्या वर्षी परीक्षेला बसता येईल. बघू.

तुला वाटेल, हा आता सुधारला. तसं काही नाही. आजही तिचा आवाज आठवला की मला वाटतं, चुलत्यांनी विचारलं तेव्हा ती जो वेळ गप्प होती, त्यात माझ्यासाठी काही असेल. नसणार. ती बहुतेक लाजत होती. पण मी दिसेल त्यातून मला हवा तोच अर्थ काढतो, आणि हे मला कळलं म्हणून ते थांबलं असं नाही.

म्हणून पुढचं लिहितो, ते नीट वाच.

वैशाखात ती तुझ्यापासून चार घरांवर येईल. नव्या घरात तिला पहिले दिवस जड जातील. तिला हळदीकुंकवाला बोलाव, पाण्याला सोबत ने. ठकीला तिच्याकडे सोडत जा, लेकरू धरायचं तिला येतं. सोनाजीच्या आईपाशी जा आणि तुझ्या भावाने तुला फसवलं असं सरळ सांग. माझी बाजू घेऊ नको. दाजी बोलतील ते बोलू दे. आशापाशी माझा विषय काढू नको. तिने काढला तर, आणि ती काढणार नाही, म्हणावं तो बरा आहे.

आणि भाऊबीजेला मी डोंगरकड्याला येणार नाही. या वर्षी नाही. पुढच्या वर्षाचंही सांगत नाही. तुझ्या घराकडे यायला तीच एक गल्ली आहे. आशा दाराशी उभी असेल, मी खाली मान घालून जाईन असं आज वाटतं, पण त्या क्षणी माझं काय होईल याची हमी माझ्याजवळ नाही. हमी नसताना जायचं नाही, एवढं तरी मला पाळू दे.

तू पाट मांडून वाट बघत बसशील हे मला ठाऊक आहे. बसू नको. भाऊ नसलेल्या बायका त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळतात, तसं तू ओवाळ. गल्लीतल्या बायका विचारतील, तुला तर भाऊ आहे ना गं. आहे म्हण.

आहे, आक्का.

संतराम